परातीतली ठाकरवाडी

सावित्राबाईंची ओळख झाली ती कर्टुल्यांच्या रानभाजीमुळे. पावसाळ्यात दर बुधवारी त्या नाणे मावळातल्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतून लोणावळ्याला येतात, आधी आमच्या दारात टोपली टेकवतात आणि मग बाजारात जातात. एरवी त्या एका बंगल्यावर झाडलोट करतात. शाळा चौथीपर्यंत. पण मोबाइलमध्ये रस्ता बघत बघत कड्याच्या टोकाशी पोचलेल्या चार पर्यटकांना त्यांनी एकदा भर धुक्यातून खाली आणलं होतं.

"मावशी, तुम्हाला रस्ता कसा कळतो?" एकाने विचारलं.

"पायाला कळतू. तुमच्या पायात बूट हायेत ना!"

हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. माझ्या लिहिण्यात ते हसू उतरलं की नाही, कोण जाणे.

त्यांची मुलगी करिष्मा सातवीत आहे. ती तालुक्याच्या भूगोल स्पर्धेत उतरली, तेव्हा वेळ बघायला मी होतो. मी शाळेत कारकून होतो, म्हणून अजून अशा कामांना बोलावतात. पहिला येणारा एकच विद्यार्थी पुण्याला जिल्ह्याच्या फेरीसाठी जाणार होता. करिष्माने त्यासाठी महिनाभर जेवतानासुद्धा नद्यांची नावं म्हटली होती.

लेखी परीक्षेत ती आणि लोणावळ्याचा हृतिक बरोबरीत आले. उरली शेवटची फेरी. तासाभरात परातीत मातीने आपल्या गावाचा उठावाचा नकाशा करायचा होता.

वेळ संपली. परीक्षक यशोधरा मॅडम करिष्माच्या परातीपाशी थांबल्या.

"तुमच्या वाडीच्या कुठल्या दिशेला डोंगर आहे?"

"दक्षिणेला."

"मग तो वरच्या बाजूला कसा? नकाशात वर उत्तर असते."

"पण मॅडम, डोंगर खाली कसा ठेवायचा?"

वर्ग हसला. तिचंही खरं होतं. वाडीत कुणालाही वाट विचारा, तो काडीने जमिनीवर आधी वरच्या अंगाला डोंगर काढतो, मग बाकीचं सांगतो. पण मॅडमनी दिशेचे दोन गुण कापले. करिष्माची मान खाली गेली.

लेकीबरोबर आलेल्या सावित्राबाई खिडकीबाहेरून म्हणाल्या, "मॅडम, तिचं चुकलं आसंल. पर पानी वतून बगा की."

"पाणी?"

"वाडी आमची हाय ना? मंग पानी वाडीवानी वाह्यलं पायजे."

उताराचे पाच गुण अजून द्यायचे होतेच. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "आबा, तांब्या आणा. आणि बाई, तुम्हीच या. ओता."

सावित्राबाईंनी डोंगराच्या माथ्यावर हळूच धार धरली. पाणी दोन ओढ्यांत वाटलं गेलं, घरांना वळसा घालून भाताच्या खाचरांत उतरलं आणि पुढे नदीला लागलं. एकही घर भिजलं नाही.

"माझ्यात पण ओता!" हृतिक पुढे झाला. त्याची परात देखणी होती, रूळसुद्धा होते. पण त्याच्या तलावातलं पाणी बांधावरून उडी मारून थेट स्टेशनात शिरलं.

"लोणावळा बुडाला रे!" मागून कुणीतरी ओरडलं. हृतिकच सगळ्यात जास्त हसला. मग काय, प्रत्येकाला आपल्या गावात पाणी हवं! मी तीन वेळा तांब्या भरून आणला. वर्गात चिखल झाला, तो पुसायलाही सावित्राबाईच वाकल्या, तेव्हा मॅडमनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

कापलेले दोन गुण मॅडमनी काही परत दिले नाहीत. पण उताराचे पैकीच्या पैकी पाच एकट्या करिष्माला मिळाले. हृतिकला दोनच; बाकी सगळे गुण दोघांचे सारखे. करिष्मा एका गुणाने पहिली आली.

"आई, पयली!"

सावित्राबाईंनी तिच्या केसांतली माती झटकली, पदराला हात पुसले आणि लगेच बंगल्याच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"ताई, येत्या गुरुवारी मी येनार न्हाई... न्हाई न्हाई, आजारी कोन न्हाई. पुन्याला आमच्या करिष्माचा भूगोल हाय."

पलीकडून बरंच काही बोलणं चाललं होतं.

"व्हय, व्हय. शुक्रवारी दोन दिवसांचं झाडते." फोन बंद करून त्या माझ्याकडे वळल्या.

"आबा, पुन्याची पयली गाडी किती वाजता सुटती?"