भटकं पाणी

गनीभाईंनी सुप्याच्या आसपास उभं आयुष्य विहिरी खोदल्या. लंकाबाईंची विहीरही त्यांचीच. शेजारी दगडखाण आली, ती विहिरीपेक्षा खोल गेली आणि विहीर आटली. आता खाणवालाच खाणीत साचलेलं पाणी टँकरने आणून विहिरीत ओततो. पण सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत नाहीसं होतं. म्हणून लंकाबाईंनी भाईंना थापी घेऊन खाली उतरवलं.

"भाई, घावली का फट?"

"एक हाय का! सुरुंगांनी कातळाची चाळण झालीय."

"मग शिमिट भरा की!"

"भरतोय. एक बुजवली की दुसरीतून जातंय."

"पर जातंय कुठं?"

"खाणीत."

लंकाबाई काठावर खाली बसल्या. "म्हंजी माझं पाणी टँकरात बसून घरी येतंय, अन् चालत माघारी जातंय?"

"व्हय."

"लई भटकं झालंय मेलं!" त्या हसल्या. भाईंना हसू आलं नाही.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. गनीभाई वर आले, ओली थापी त्यांनी पिशवीत टाकली.

"लंकाबाई, हंडे आणा. मी शेंदून देतो. लवकर, पाणी माघारी जायच्या आत."