नंबर सतराचं पान

माझ्या आईचा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे, अकोल्यात घराच्या दारात उभी राहून तिनं भाजीवाल्याला हाक मारली की आमच्या गल्लीतला तर थांबतोच, पलीकडच्या गल्लीतलाही गाडी वळवतो. वीस वर्षं तिनं दालमिलमध्ये डाळ निवडली. तिथल्या यंत्रांच्या वर बोलायची सवय लागली आणि मिल सुटली तरी सवय सुटली नाही.

पण एका जागी हा आवाज कुठं दडी मारून बसायचा कोण जाणे. आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. रोज एका घराची पाळी, दोन पानं वाचायची. आमची पाळी आली की आई सांगायची, "चष्मा घरी राहिला वं." चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत असायचा. सगळ्यांना तो दिसायचा. मग मी वाचायचे.

आई चौथीपर्यंत शिकली. एसटीची पाटी, दुकानाचं नाव, औषधाची पट्टी, सगळं वाचते. भरलेलं पान समोर आलं की मात्र तिची गाळण उडते. "मुंग्याच मुंग्या दिसतात मले," म्हणते.

गेल्या वर्षी महिला मंडळानं ठरवलं की समारोपाच्या दिवशी, म्हणजे अश्विन पौर्णिमेला, प्रत्येक घरातल्या एका बाईनं स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी वाचून दाखवायचं. आई लगेच मला म्हणाली, "तूच लिव अन् तूच वाच."

"लिहिते मी," मी म्हणाले. "वाचायचं तू."

एवढं छातीठोक बोलायला मला काहीच आधार नव्हता. पण त्या दिवसांत मला अक्षरांचं वेड लागलं होतं आणि वेड लागलेल्या माणसाला सगळं शक्य वाटतं.

मी अमरावतीला राजापेठेत एका डीटीपीच्या दुकानात काम करते. ट्यूशन क्लासच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, हरवले-सापडलेची पत्रकं. दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. मनानं फार चांगले आहेत, पण कोरा कागद त्यांना बघवत नाही. जागा उरली की फुलांची बॉर्डर घाल, तरी उरली की आत आणखी एक घाल. प्रिंटरनं चुकून कोरा कागद बाहेर टाकला तर ते तो प्रेमानं सारखा करून पुन्हा ट्रेमध्ये ठेवतात. मीही तीन वर्षं इमानेइतबारे बॉर्डरी लावल्या.

मग मासिकाची पानं कशी मांडायची हे शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सला मी नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, फोटो नाही, चित्र नाही, रंग नाही. बॉर्डर तर नाहीच नाही. एक फॉण्ट, काळी शाई आणि पांढरं पान. जे काय बोलायचं ते अक्षरंच बोलतील. मला वाटलं, या बाईनं माझे हातपायच बांधून टाकले.

आणि आठवड्याभरात माझे पाय जमिनीवर ठरेनात! 'जिना' हा शब्द मी पायरी-पायरीनं चढवला. 'भाकर' गोल फिरवली. 'उडीद' पानभर सांडला आणि गोळा करायला विसरले. राजापेठेत चालताना मला माणसं दिसेनाशी झाली, नुसत्या पाट्या दिसायच्या. एका दुकानाच्या शटरवर नाव रंगवलेलं होतं. शटर अर्धं गुंडाळलं की अक्षरांचे फक्त पाय उरायचे, आणि पायांवरून अक्षर ओळखायच्या नादात मी स्कूटरवर सिग्नलला अशी थांबून राहिले की मागच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, झोप लागली का वो?" झोप कसली! मी आयुष्यात इतकी जागी कधी नव्हते.

बाई कडक होत्या. ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीवर आपटतो, हे त्यांनी मला निदान दहा वेळा दाखवलं. अक्षरं एकमेकांपासून लांब नेली की शिरोरेखा तुटते, म्हणून तसं मुळीच करायचं नाही, अशी तंबी दिली. शेवटचं काम त्यांनी दिलं ते असं: आठ पानं करा, त्यात एका माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे. मी खुर्चीतून उठलेच. आवाज माझ्या घरात होता की! आईचं पौर्णिमेचं वाचन आणि माझी आठ पानं एकच होणार होती.

त्या शनिवारी अकोल्याला गेले. आई लसूण सोलत बसली होती. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, शाळेचं सांग.

"काय सांगू शाळेचं," ती म्हणाली. बाळापूरकडच्या एका खेड्यात तिचं लहानपण गेलं. "चौथीत होती मी. भाऊ झाला. माय वावरात निंदाले जाये, मंग त्याले कोण पाहीन? माही शाळा बंद झाली. पण मी त्याले कमरेवर घेतलं अन् शाळेच्या भिंतीमांगं जाऊन बसली. रोजच जाऊन बसली. खिडकीतून हजेरी ऐकू ये. पंधरा, हजर. सोळा, हजर. सतरा..."

इथं ती थांबली. लसणाची पाकळी बोटात तशीच राहिली.

"सतरा नंबर माहा होता. गुर्जीनं दोनदा म्हटलं, सतरा, सतरा. मले ओ द्याव वाटे. पण पोट्टं मांडीवर निजेल होतं. ते उठलं असतं तं रडलं असतं, अन् मंग घरी मले मार होता." मग ती हसली. "मंग काय, अठरा, हजर. चाल, लसूण निवड."

फोनवर आवाजाची रेघ दिसते, वरखाली नाचणारी. आई थांबली तिथं ती रेघ सपाट झाली होती. ती सपाट रेघ मी कितीतरी वेळा पाहिली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी पान कसं करायचं हे दिसायला लागल्यामुळे हसूही फुटत होतं.

पहिली प्रत मी नेहमीसारखी टाइप केली. आईनं ती पाहिली, घडी घातली आणि तिखटाच्या डब्याखाली ठेवली. दुसऱ्या प्रतीत मी सगळी विद्या पणाला लावली. भिंत अक्षरांच्या विटांची, भावाचं रडणं गोल गोल, काही ओळी उलट्या. आईनं कागद फिरवला, मग मान फिरवली, मग उठून कागदाभोवती स्वतःच फिरली.

"हे अक्षर पिऊन आलं का वं?" तिनं विचारलं.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले. रेकॉर्डिंग लावलं, डोळे मिटले आणि आई जिथं श्वास घेते तिथं ओळ तोडली. एवढंच केलं. ती हळू बोलली तिथं अक्षर लहान, जोरात बोलली तिथं मोठं. मुलांचं 'हजर' या कडेपासून त्या कडेपर्यंत. फक्त सतरा लिहिताना बाईंची तंबी मोडली. स, त, रा अशी अक्षरं दूरदूर ठेवली, शिरोरेखा तुटू दिली, कारण भिंतीपलीकडून हाक अशीच आली असणार. आणि त्याच्या पुढचं पान मी पूर्ण कोरं सोडलं. बाईंनी ते पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "नियम मोडलात ते बरं केलंत." मी दुकानातच एक गिरकी घेतली.

पण खरी परीक्षा अकोल्यातच होती. आईसमोर पानं ठेवली. तिनं आपण होऊन चष्मा लावला! पहिलं पान बोट ठेवून वाचलं, दुसऱ्या पानावर बोट विसरली. "मुंग्या कुठी गेल्या वं?" म्हणाली. मोठ्या 'हजर'वर ती अशी ओरडली की शेजारीणबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काय झालं वो?" मी स्वयंपाकघरात नाचत होते, पोळी तव्यावर करपत होती.

मग कोरं पान आलं. "इथं काय वाचू?"

"काहीच नाही. इथं तू थांबली होतीस. तेवढंच थांब."

ती पानाकडे पाहत थांबली. मग मान हलवून म्हणाली, "हे मले जमते."

पुढचे पंधरा दिवस तिनं त्या प्रतीवर इतका सराव केला की पानांना हळद लागली, तेल लागलं, दोन कोपरे गेले. पौर्णिमेसाठी नवी प्रत हवी होती. काकांनी ती स्वतः छापली, आपल्याकडून भेट म्हणून स्पायरल बाइंडिंग करून, पिशवीत घालून वर दोरी बांधली. "तुया आईले सांगजो, बॉर्डर नाई टाकली," असंही म्हणाले. पौर्णिमेच्या दिवशी दुपारपर्यंत प्रश्नपत्रिकांचं काम होतं. मी पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे पळत सुटले. मूर्तिजापूरला बस नको तेवढी थांबली. विहारात पोचले तेव्हा वंदना संपली होती आणि आईचीच पाळी पुकारली जात होती. पांढरी साडी, नाकावर चष्मा, हात पुढे. मी पिशवी फाडून वही तिच्या हातात दिली.

आणि आई वाचायला लागली. काय सांगू! हळू वाचायचं तिथं हळू, थांबायचं तिथं थांबून. सगळं विहार तिच्याबरोबर भिंतीमागं जाऊन बसलं. पंधरा, हजर. सोळा, हजर. मग "स... त... रा..." आणि तिनं पान उलटलं.

समोर अठरा होतं.

कोरं पान नव्हतं. मला क्षणात कळलं. काकांनी ते प्रेमानं सारखं करून ट्रेमध्ये परत ठेवलं होतं. आईनं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात चष्म्याकडे गेला. तिनं चष्मा काढला. झालं, मी मनात म्हटलं, आता म्हणणार, चष्मा घरी राहिला.

पण ती वही छातीशी धरून उभी राहिली. नुसता पंख्याचा आवाज येत होता. घरी थांबायची त्याहून कितीतरी जास्त वेळ ती थांबली.

आणि मग दालमिलच्या आवाजात म्हणाली, "हजर!"

हे मी लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच पानावर ते नव्हतं. दुसऱ्या रांगेत कुणाच्या तरी सुनेच्या मांडीवर झोपलेलं बाळ दचकून उठलं आणि त्यानं भोकाड पसरलं. सूनबाई ओशाळून त्याला घेऊन बाहेर जायला उठली. आईनं तिला हातानं थांबवलं.

"बस वो बाई, बस," ती म्हणाली. "उठू दे त्याले. रडू दे."

मग तिनं चष्मा लावला आणि अठरापासून पुढं वाचायला लागली.