डमीतलं घडीचं पान

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजमधल्या मुलांनी स्वतःचा अंक काढावा ही कल्पना माझी नव्हती. ती चौथ्या वर्षाच्या एका मुलीची. मी मार्गदर्शक, म्हणजे सह्या करायच्या आणि छपाईला पैसे देणारा माणूस शोधायचा. कॉलेजनं आधीच सांगितलं होतं, आमचं नाव वापरा, बाकी तुमचं तुम्ही बघा. पुढे जे झालं ते मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

मुलगी परदेशीपुऱ्याची, आमच्या शहरातल्या जुन्या मिल-वस्तीतली. आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली, मिलच्या खोल्या राहिल्या. मिलनं दिलेली एक खोली आणि पुढे ओटा, कागदावर एवढंच. पण नंतरच्या दोन पिढ्यांनी मागे खोली काढली, वर पत्र्याचा मजला चढवला, मोरी आत घेतली. तिला अंकात तेच दाखवायचं होतं, की आर्किटेक्टशिवाय माणसं घर कशी वाढवतात. सात-आठ मुलांनी मिळून अख्खी गल्ली मोजली. मोठ्या शीटवर मूळ भिंती काळ्या, लोकांनी स्वतः बांधलेलं सगळं लाल, आणि घराघरावर कुटुंबाचं आडनाव. फार सुंदर ड्रॉइंग होतं ते. पंचवीस वर्षं शिकवतोय, तसं पुन्हा पाहिलं नाही.

लोकांनी मुलांना मोरीपर्यंत जाऊ दिलं ते तिच्यामुळे. "आपलीच पोरगी है," म्हणून. तिनं त्यांना शब्द दिला होता की नकाशा आधी गल्लीत दाखवणार, लोक हो म्हणाले तरच छापणार, तोवर तो कॉलेजबाहेर जाणार नाही. मला तिनं हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मी चिडलो, "अगं, मला कळतं ना."

अंकाची डमी घेऊन मी फिरू लागलो. डमी म्हणजे नमुन्याची एकच प्रत, स्पायरल बाइंडिंग केलेली, जाहिरातीच्या जागा रिकाम्या. एका टाइल्सवाल्यानं ती शेवटपासून चाळली आणि म्हणाला, "सरजी, इसमें हमारी टाइल किधर है?" रंगाच्या डीलरनं चहा पाजला आणि दोन कॅलेंडरं दिली. "भिया, बच्चों का काम अच्छा है," म्हणाला, आणि पोहोचवायला दारापर्यंत आला. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. त्या वर्षी माझ्या प्रमोशनची फाइल पुढे जायची होती आणि त्यात 'विद्यार्थी प्रकाशन' असा एक रकाना होता. तो मला भरायचा होता. हेही लिहून टाकतो.

मग विजय नगरातल्या एका डेव्हलपरची वेळ मिळाली. त्या सकाळी मी गल्लीच्या नकाशाची प्रत काढली, घड्या घातल्या आणि डमीच्या मधोमध बसवली. का? डमी पातळ वाटत होती म्हणून.

त्याच्या ऑफिसात शिरताना काचेखाली एक मॉडेल होतं. पांढरे टॉवर, हिरवा स्पंज, आणि मधोमध शोभेला ठेवलेली विटांची एक चिमणी. ती चिमणी मी ओळखली, मुलीच्या गल्लीमागच्या बंद मिलची. तेव्हाच मागे फिरता आलं असतं. मी आत गेलो, पाणी घेतलं.

तो पानं भराभरा उलटत होता. घडीचं पान आलं तसा थांबला. उलगडलं. टेबलावर पसरलं.

"ये बच्चों ने नापा? हर घर में घुस के?"

"हो. म्हणजे, हां जी. मिलीमीटरपर्यंत."

हे मी अभिमानानं म्हणालो.

"कमाल है. एक दिन छोड़ जाओ सरजी. पार्टनर को दिखाता हूँ. बैक कव्हर अपना पक्का."

मी डमी ठेवून आलो. दोन दिवसांनी ती चेकसकट परत आली, घडीचं पान जागच्या जागी होतं. मी ते उपसून कपाटात टाकलं आणि मुलीला सांगितलं, "पैशांची सोय झाली." तिनं आनंदानं टाळीच वाजवली.

नोटिसा त्यानंतर दोनेक महिन्यांनी आल्या. जमीन कुणीतरी विकत घेतली होती आणि त्यांच्या वकिलानं प्रत्येक घराला लिहिलं होतं की मूळ खोली सोडून बाकीचं बांधकाम बेकायदा आहे, पाडा. सोबत प्रत्येक घराची मापं. मुलगी तिच्या काकांची नोटीस घेऊन माझ्याकडे आली. काकांचं घर तिच्या घराला लागूनच. मागच्या खोलीत काकूंच्या दोन शिलाई मशिनी होत्या, त्यावर घर चालायचं.

"सर, हे बघा. मागची खोली दोन मीटर पंच्याण्णव."

मला बघायची गरज नव्हती. आमच्या लांब टेपचं टोक तुटलेलं होतं. असं असलं की दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकवतो. त्या एका खोलीत पोरं वजा करायचं विसरली होती, खरं माप दोन पंच्याऐंशी. ती चूक मीच पकडली होती आणि तिनं शीटवर दुरुस्तही केली होती. पण डमीतली प्रत दुरुस्तीच्या आधीची होती.

"म्हणजे माझ्याच कच्च्या शीटवरून गेलंय," ती म्हणाली. "पण कशी? मी तर कुठेच..." मग तिला आठवलं, "गल्लीच्या कोपऱ्यावर झेरॉक्सला दिली होती एकदा."

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तिथेच राहिली असेल."

एवढंच वाक्य. तिनं ते घेतलं आणि घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पोरगी सरळ. काका तिच्या वडिलांना म्हणाले, "तुझ्या पोरीनं घर मोजून विकलं." मागच्या खोल्या पाडल्या गेल्या, मग एकेकानं मिळेल ते घेऊन गल्ली सोडली. दोघे भाऊ वेगवेगळ्या टोकांना राहायला गेले आणि बोलणं बंद झालं. अंक निघाला, नकाशाशिवाय. तिनं स्वतःच तो काढून टाकला. मागच्या कव्हरवर टॉवर होते. माझं प्रमोशन झालं.

यंदा तिचा फोन आला. वडिलांना अर्धांगवायू झालाय, बोलता येत नाही, पण दार वाजलं की मान वळवतात. भावाची वाट बघतात. "काका येत नाहीत सर. मी पाया पडून आले, तरी नाही." मग मी फोनवरच खरं काय ते सांगितलं, की नकाशा माझ्या हातून गेला. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"काकांना सांगा," ती म्हणाली. "बाबा आहेत तोवर."

रविवारी तिनं मला माझ्या घरून, राजेंद्र नगरमधून घेतलं आणि काकांच्या फ्लॅटखाली गाडी लावून ती खालीच थांबली. मी वर जाऊन सगळं सांगितलं, ऑफिस, मॉडेल, झेरॉक्सचं खोटं. काकांनी ऐकून घेतलं, काकूंना चहा ठेवायला सांगितलं.

"सर, तुम्ही भले आदमी आहात," ते म्हणाले. "शिष्येसाठी एवढं कोण करतं? पण खोटं कशाला बोलता? इतकी साल हो गई, आज आठवलं तुम्हाला?"

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. जितकं सांगावं तितकं ते मला बनावट वाटायला लागलं. काकू म्हणाल्या, "चहा घ्या, गार होतोय."

खाली आलो. तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"तुला वाचवायला आलोय असं वाटतंय त्यांना."

"मग लिहून द्या. सही करून. आत्ता. डिकीत कागद आहे."

मी म्हणालो, घरी जाऊन नीट लिहितो. खरंच नीट लिहायचं होतं. तीन मसुदे केले. पहिल्यात विजय नगरचा उल्लेख नव्हता, दुसऱ्यात प्रमोशनचा नव्हता. तिचे दोन मेसेज आले. दहाव्या दिवशी तिसरा आला, तो वडील गेल्याचा होता.

काका स्मशानात आले होते म्हणे. लांब उभे राहिले, तिच्याकडे न बघता गेले.

तेराव्याला मी सही केलेला कागद घेऊन गेलो, या वेळी त्यात सगळं होतं. तिनं उभ्या उभ्या वाचला, मला काही न म्हणता आत गेली आणि बायकांमध्ये बसलेल्या काकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला. दारातून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, अक्षर लावून वाचत होत्या. पहिलं पान संपलं, त्यांनी उलटलं.

मी चपला घातल्या आणि निघून आलो.