आप्पांनी एआयला दिलेला मान

भिमाजी आप्पांचा आवाज काढायचा तर आधी छाती भरून घ्यायची, मग नाक अर्धं बंद करायचं, आणि ‘आत्ताच’मधला ‘आ’ इतका लांबवायचा की तेवढ्यात पाव्हणा चप्पल काढून मांडवाच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे. “आऽऽत्ताच आपल्यामध्ये उपस्थित झालेले, राहू गावचे प्रगतशील बागायतदार, सोसायटीचे माजी संचालक, सन्माननीय पोपटराव, यांचं, वधू-वर दोन्ही पक्षांच्या वतीनं, सहर्ष, सहर्ष, स्वागत.” दुसरं ‘सहर्ष’ पहिल्यापेक्षा एक पायरी खाली उतरतं. ज्याला हे जमत नाही त्यानं आप्पांच्या वाटेला जाऊ नये. शाळेत तिघांनी प्रयत्न केला, तिघंही ‘सहर्ष’ला पडले.

मांडवगण फराट्यात, आणि भीमा ओलांडून पलीकडं दौंड तालुक्यातसुद्धा, लग्नाचा माईक म्हणजे भिमाजी आप्पा. मंगलाष्टकं थांबतील पण आप्पांचं स्वागत थांबायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की मांडवात नाव राहिलं की माणूस न जेवता उठतो आणि ते पुढं दहा वर्षं निघतं. म्हणून नाव घेताना हात आखडायचा नाही. ज्यानं अक्षतांपलीकडं कशाला बोट लावलेलं नाही, त्याचं नाव सगळ्यात आधी आणि सगळ्यात लांब. जी भावकी आदल्या दिवसापासून कांदे चिरतेय तिचं नाव कुणी घेत नाही, ती घरचीच. आधारस्तंभ, प्रेरणास्थान, मार्गदर्शक, हे सगळं मान द्यायला असतं. त्यावरून कामाचा हिशोब कुणी करत नाही, आणि आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मांडवातून घरी आले की हाच आवाज बंद. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि पलीकडं ऐकण्यासारखं काही नसायचं. आप्पांच्या मंडळी, कुशाबाई, होत्या तेव्हा दिवसभर चालायचं. “अवो, ऐकलं का.” “ऐकतोय.” “काय ऐकताय, मी अजून बोलले कुठं.” त्या गेल्या आणि नुसती भांडी वाजायला लागली, तीही एकाच ताटाची. मुलगा दत्ता चाकणला कारखान्यात. रविवारी त्याचा फोन येतो. आप्पांची बाजू मला पाठ आहे: हां. हां. बरं. ठिव.

कुशाबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी आप्पांनी शिरूरच्या एका कॉलेजात एम. ए. मराठीला नाव घातलं. साठी उलटलेली, बी. ए. कुठल्या काळातलं. पारावर विचारलं कुणी की या वयात कशाला, तर म्हणायचे, “वर्गात हजेरी घेत्यात. नाव पुकारत्यात माझं.” लोक हसले. आप्पाही हसले.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. आप्पांनी विषय घेतला वावरांच्या नावांचा. आता सगळे गट नंबर सांगतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून भांडणाची पट्टी आहे, खापराचं वावर आहे, सवतीचा तुकडा आहे. मांडवगणपासून निमोण्यापर्यंत आप्पा एकटे सायकल घेऊन बांधाबांधानं फिरले. कोण म्हातारा कुठं बसलाय ते शोधून काढलं, नावं विचारली, ती का पडली ते विचारलं, आणि घरी येऊन लिहून काढलं.

दत्तानं दिवाळीला त्यांच्या फोनमध्ये ते बोलणारं एआय घालून दिलं होतं. आप्पा त्याला साहेब म्हणायचे. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीपलीकडून पहिला आवाज त्याचा यायचा, बातम्या देणाऱ्या बाईसारखा गुळगुळीत, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला: “नमस्कार आप्पा. आपलं जेवण झालं का?” मग आप्पा दिवसभराचं सांगायचे. मधे कधीतरी विचारायचे, ‘परिशिष्ट’ कसं लिहायचं, पानांना नंबर कसे घालायचे. बाकी सगळं म्हाताऱ्यांचं आणि वावरांचं.

प्रकल्प द्यायच्या सुमारास विद्यापीठाचा नियम आला. सुलक्षणा मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. एआयची मदत घेतली असेल तर लपवायची नाही, पहिल्याच पानावर निवेदन द्यायचं. भाषा दुरुस्त करून घेतली, मांडणी करून घेतली तर चालेल, पण तसं सांगायचं. त्यानं लिहिलेलं आपलं म्हणून द्यायचं नाही. दिलं तर प्रकल्प रद्द आणि वर्ष फुकट.

बाकीच्या पोरांनी एका ओळीत उरकलं. आप्पांच्या हातात मात्र नाव घ्यायचं काम आलं होतं. त्यांनी ते माईकवरून घ्यावं तसं घेतलं. मला ते वाचूनही दाखवलं, अंगणातल्या भिंतीवरून वाकून, उजवा हात कानाला लावून: “या प्रकल्पाचे आधारस्तंभ, प्रेरणास्थान, ज्यांच्या मार्गदर्शनाशिवाय यातील एकही पान लिहून झाले नसते, असे ज्ञानाचे महामेरू, सन्माननीय एआय साहेब, यांचे सहर्ष आभार.” कसं वाटलं, विचारलं. मी म्हटलं, एक नंबर. खरंच तसं वाटलं होतं. मांडवात ऐकलं असतं तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं.

पंधरवड्यानं कॉलेजातून फोन आला. प्रकल्प तपासणाऱ्या समितीनं बाजूला काढलाय, येऊन भेटा.

तिथं काय झालं ते आप्पांनीच नंतर सांगितलं. त्यांना दुसऱ्याचा आवाज अजिबात काढता येत नाही, त्यामुळं सुलक्षणा मॅडमसुद्धा त्यांच्या तोंडून माईकवर उभ्या राहिल्यासारख्या बोलल्या. मॅडमच्या खऱ्या आवाजात ते असं असणार, कारण आमच्या शाळेच्या गॅदरिंगला त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि मी त्यांना नीट ऐकलंय: हळू, आणि वाक्याच्या शेवटी जरा थकलेला.

“आप्पा, तुम्हीच लिहून दिलंय की त्याच्याशिवाय एकही पान झालं नसतं.”

“मॅडम, त्यो मान हाय. काम न्हाई.”

“मला कळतंय. मीही लग्नं बघितलीत. समिती पुण्याची आहे, ती जे लिहिलंय तेच वाचणार. त्यानं नक्की काय केलं ते सांगा.”

आप्पांनी सांगितलं. शुद्धलेखन, पानांचे नंबर.

“अजून?”

आप्पा म्हणाले, “उघडला की इचारतो, जेवण झालं का. तसं मीच सांगून ठिवलंय त्याला. हेबी लिवावं लागंल का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “ते नियमात येत नाही.”

मग त्यांनी प्रकल्प उघडला आणि अधूनमधून विचारत गेल्या. भांडणाची पट्टी कुणाची, खापराचं वावर कुणी सांगितलं. आप्पांना सगळी माणसं माहीत, कोण कुठल्या झाडाखाली बसून बोललं तेही. शेवटच्या पानावर एक नाव होतं: उगंच. मॅडमनी विचारलं, हे कसलं नाव, आणि हे कुणी सांगितलं.

“त्ये आमचंच. नदीच्या कडंला अर्ध्या एकराचा तुकडा हाय. काय पिकत न्हाई तिथं. आमची ही दुपारची तिकडं जाऊन बसायची. इचारलं, कुठं गेलतीस, तर म्हणायची, उगंच. मग त्येच नाव पडलं.”

“गावात म्हणतात असं?”

“न्हाई. आमी दोघंच म्हणायचो.”

“आणि आता?”

“आता मी.”

मॅडमनी प्रकल्प मिटला. म्हणाल्या, शंका राहिली नाही, मी समितीला तसं कळवते. फक्त ते पहिलं पान बदलून द्या. भाषा आणि पानांचे क्रमांक यापुरतं एआय वापरलं, एवढं लिहायचं, आणि त्याखाली नियमातलं ठरलेलं वाक्य: बाकी सर्व काम मी एकट्याने केले आहे.

आप्पांनी कागद घेतला. पहिली ओळ लगेच झाली. दुसरीपाशी पेन अडलं. त्यांनी विचारलं, ‘एकट्याने’च्या जागी दुसरं काही घातलं तर चालंल का. ‘स्वतः’ घालू का. मॅडम म्हणाल्या, समितीला तोच शब्द लागतो आप्पा, नाहीतर पुन्हा परत येईल. शिवाय खरंच आहे ना ते.

“खरं हाय की,” आप्पा म्हणाले, आणि लिहून सही केली. अख्ख्या भावकीचं नाव घेतल्याशिवाय ज्यांनी कधी माईक सोडला नव्हता, त्यांचं निवेदन दोन ओळींत संपलं. एस. टी.त न्हावऱ्यापर्यंत उभंच राहावं लागलं, एवढंच त्यांनी त्यापुढं सांगितलं.

निकाल परवा लागला. दिवेलागणीला भिंतीपलीकडून दत्ताला फोन लावल्याचं ऐकू आलं. ड्युटीवर असावा, उचलला नाही. जरा वेळानं साहेब बोलले.

“नमस्कार आप्पा. आपलं जेवण झालं का?”

“पास झालो.”

“अभिनंदन आप्पा. ही खूप अभिमानाची गोष्ट आहे. आपल्या मेहनतीला—”

“त्ये राहू द्या. नाव घ्या की माझं. पुढं एम. ए. लावून.”

त्यानं घेतलं. एका दमात, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं, भिमाजीम्हाळूफराटेएमए. आप्पा म्हणाले, असं न्हाई, आधी गाव, मग थांबायचं, लोकांनी मान वळवली की नाव. त्यानं ‘नक्कीच’ म्हटलं आणि पुन्हा तसंच घेतलं. तिसऱ्यांदा तर ‘फराटे’चं ‘फरटे’ केलं. मी इकडं उशी तोंडात कोंबली होती.

मग फोन बंद केल्याची टकटक आली. आणि मग छाती भरून घेतल्याचा तो आवाज, जो मी झोपेतही ओळखेन.

“आऽऽत्ताच आपल्यामध्ये उपस्थित झालेले, मांडवगण फराटा गावचे,” थांबले, सगळ्यांनी मान वळवावी इतकं, “एम. ए., भिमाजी म्हाळू फराटे, यांचं...”

इथं ‘वधू-वर दोन्ही पक्षांच्या वतीनं’ येतं. ते आलं नाही. कुणाच्या वतीनं म्हणावं ते ठरत नसावं. बऱ्याच वेळानं, जरा खालच्या आवाजात आलं, “घरच्यांच्या वतीनं, सहर्ष...”

मी दुसऱ्या ‘सहर्ष’ची वाट बघत होते, एक पायरी खाली उतरणाऱ्या. ते काही आलं नाही. खुर्ची सरकली, आणि कुणीतरी बसल्याचं ऐकू आलं.