जखमेभोवतीची रेघ

जुनं, शंभरदा धुतलेलं सुती लुगडं फाडताना होणारा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? नवं कापड फाटताना किंचाळतं. जुनं मात्र एक लांब सुस्कारा सोडतं. काठाला कात्रीचा लहानसा छेद, मग दोन्ही हातांची एकच ओढ, आणि धाग्यांना वाट आधीच ठाऊक असावी तशी सरळ पट्टी सुटून येते. हवेत बारीक तंतू तरंगतात, उन्हाच्या तिरिपीत क्षणभर चमकतात आणि कुठेतरी विरून जातात. माझं सगळं बालपण या सुस्काऱ्यावर वाढलं आहे.

डोंबिवलीत कारखान्यांच्या वस्तीला लागून कामगारांचा एक दवाखाना होता. तिथे आईने तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, बांधल्या. दवाखान्यातलं बँडेज नेहमी अपुरं पडे, म्हणून ती शेजारणींकडून जुनी लुगडी मागून आणायची, उकळायची, वाळवायची आणि फाडून त्यांच्या गुंडाळ्या करायची. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाबा युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत बसलेले असायचे. एका हाताला पट्ट्यांचा ढीग, एका हाताला पत्रकांचा! अक्षरं मी पाटीवर गिरवली नाहीत, पत्रकांच्या मथळ्यांवरून बोट फिरवत शिकले. जाब विचारा, जागे व्हा, पडदा फाडा. बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. जे झाकलेलं आहे ते संशयास्पद आहे, हे माझ्या मनात इतकं खोल रुजलं होतं की डब्यावरचं झाकणसुद्धा मी जरा रागानेच उघडत असे.

आईचा धर्म तरी कुठे निराळा होता? "जखम रोज उघडून बघायची, वारा लागू द्यायचा. झाकली की सडली," हे तिचं ब्रीद. चिकटलेली पट्टी ती कोमट मिठाच्या पाण्याने भिजवत राहायची आणि तोंडाने अखंड पुटपुटायची, "झालं हं दादा, झालं, हे शेवटचंच टोक." मशीनपुढे न डगमगणारे ते धिप्पाड पुरुष त्या शेवटच्या टोकाला डोळे घट्ट मिटून घेत.

मागच्या दिवाळीच्या सुमारास खुद्द आईच्याच पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम झाली. रक्तातल्या साखरेने पाय बधिर केलेले. चपलेत शिरलेला खडा तिला दोन दिवस कळलाच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पाहणाऱ्या बाईला स्वतःचा पाय दिसू नये! ती त्या दुखण्यापेक्षा या लाजेनेच जास्त खचली. ठाण्याला, माजिवड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि फार आढेवेढे न घेता सांगितलं, "महिन्याभरात भरायला हवी. नाही भरली आणि हाडापर्यंत गेली, तर अंगठा काढावा लागेल."

तिथे आम्हाला करुणा भेटली. जवळच्याच बाळकुम गावची, माझ्याच वयाची, जखमांची ड्रेसिंग करणारी नर्स. तिने पाकिटातून एक राखाडी, फोमची मऊ चकती काढली. त्यात चांदीचा अंश असतो, त्याने जंतू वाढत नाहीत, असं ती म्हणाली तेव्हा आईला हसू आलं.

"चांदी? बारशाला वाळे घातले होते त्यानंतर थेट आज गं! तेही एकाच पायाला."

"मग आता बाळासारखंच वागायचं, काकू. पाच दिवस हात लावायचा नाही."

"पाच दिवस? आणि आत काय चाललंय ते कोण बघणार?"

"मी बघणार ना. माझा आजा मिठागरात होता. त्याचे पाय बघितलेत मी, मला कसली भीती दाखवता?"

मग करुणाने निळं पेन घेतलं. चकतीवर आतल्या ओलाव्याचा फिकट डाग उमटू लागला होता, त्यापासून बोटभर अंतर सोडून तिने गोल रेघ ओढली. "डाग या रेघेबाहेर आला, ताप आला, वास आला, पाय लाल झाला, तर लगेच फोन करायचा. नाहीतर रोज रेघेकडे बघायचं. जखमेकडे नाही." वर तिने एक जाड तळाची चप्पल दिली. अंगठ्याखाली पोकळ, म्हणजे चालताना जखमेवर भार पडत नाही. "हे काय, ट्रॅक्टरचं चाक?" आई म्हणाली, पण घातली.

आता माझा अपराध सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुळबुळत म्हणाली, "उघडून बघू का गं? नुसतं बघते." आणि मी, पत्रकांची लेक, खांद्याला पिशवी अडकवता अडकवता तिला भाषणच दिलं, "तुझा पाय आहे, आई. बघणं तुझा हक्क आहे. डॉक्टर सांगतात म्हणून डोळे मिटून बसायचं का?" संध्याकाळी परतले तेव्हा चकती कचऱ्याच्या डब्यात होती. आई पाय गॅलरीच्या उन्हात लांबवून, जखमेला वारा देत, प्रसन्न मुद्रेने बसली होती. मग लुगड्याची कोरडी पट्टी तिने स्वतःच्या हातांनी बांधली. किती सुबक बांधली होती ती पट्टी!

पाचव्या दिवशी करुणाने पट्टी पाहिली. मग भिजवत, हलके हलके सोडवू लागली. तरीही पट्टीबरोबर एक गुलाबी, पापुद्र्यासारखं काहीतरी निघून आलं. "उघडलीत ना, काकू? ही नवी कातडी होती. ती ओलाव्यात कडेकडून आत सरकत येते. जखम वाळवली की तिची वाट बंद. इतकी आली होती बघा, आणि आपणच काढली."

आईने त्या पापुद्र्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलंच नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी लोकांची नवी कातडी ओरबाडत होते का गं?"

माझ्या पत्रकांत प्रत्येक प्रश्नाखाली ठळक टाइपात उत्तर असतं. मी नुसती तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला. जखम भरणं हे काम देहाचं. आपण फक्त त्याच्या कामात लुडबुड करायची नाही, एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला किती पिढ्या लागल्या! वाळवणं, घासणं, जाळणं, चोळणं, सगळं करून झाल्यावर कुठे आपल्याला ही ओलसर, मऊ, गप्प राहणारी पट्टी सुचली. झाकणं म्हणजे लपवणंच असतं का? बी मातीत असतं ते काय मातीने लपवलेलं असतं? माझा राग मात्र विझलेला नाही, आणि विझू नये. मशीनमध्ये बोट सापडलेल्या पोराच्या हाताला आजही तेलकट चिंधी बांधून त्याला पाळी पूर्ण करायला लावणारे कारखाने माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहेत. ती चिंधी झाकण्यासाठी असते, भरून येण्यासाठी नव्हे. या दोन झाकण्यांमधला फरक मला आईच्या पायाने शिकवला.

करुणाने नवी चकती लावून पुन्हा रेघ ओढून दिली होती. त्यानंतर मात्र आई रेघेची झाली. रोज सकाळी चष्मा लावून, पाय मांडीवर घेऊन ती त्या निळ्या वर्तुळाचं दर्शन घ्यायची. "आतच आहे," असं मला सांगायची, मग शेजारणीला, मग फोनवर मावशीला. तिची बोटं चकतीच्या कडेवर टेकायची, थबकायची आणि मागे फिरायची. तीस वर्षांच्या सवयीने शिवशिवणारी ती बोटं आवरताना मी तिला पाहिलं आहे. त्याहून मोठा संयम मी कुठल्याही सभेत पाहिलेला नाही.

महिना भरत आला. करुणाने चकतीची कड उचलली, आणि ती सुटून आली. आवाज नाही, ओढ नाही, शेवटचं टोक नाही! आईने मात्र सवयीने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा जखमेच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी खूण उरली होती. डॉक्टर वाकून पाहून म्हणाले, "अंगठा राहिला."

मी तर रडलेच. आई मात्र करुणाचा हात धरून म्हणाली, "मीही तुझंच काम करत होते गं. माझ्या हातून किती जणांचं वाईट झालं असेल."

करुणाने हातमोजे काढले. "काकू, माझ्या आजाचे पाय मिठानं फाटलेले असायचे. घरी आला की भेगांत राख भरायचा, सकाळी परत खाऱ्या पाण्यात उभा. त्याच्या पायाशी कधी कुणी बसलंच नाही. तुम्ही भिजवून काढायचात ना? 'झालं हं' म्हणायचात ना? त्याला तुम्ही भेटायला हव्या होतात."

मग तिचं लक्ष चपलेकडे गेलं. घोट्यावरच्या पट्ट्याखाली मऊ कापडाची एक घडी शिवलेली होती. "हे काय लावलंय?"

"पट्टा काचत होता. जुनं लुगडं आहे, उकळून घेतलंय हो!" आई घाईघाईने, चोरी पकडली गेल्यासारखी म्हणाली.

"अजून द्याल? माझा एक पेशंट आहे, बाळकुमचाच. पट्टा काचतो म्हणून चप्पलच घालत नाही. किती समजावलं, ऐकतच नाही म्हातारा."

घरी येताच आईने पेटी उघडली. तळाशी तिचं सगळ्यात जुनं लुगडं होतं, रंग कधीचा उडालेला, पोत सायीसारखा. काठाला तिने छेद दिला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "ओढ. पण हळू." मी ओढलं. तोच लांब सुस्कारा खोलीभर पसरला, तेच तंतू उन्हात तरंगले, आणि बऱ्याच दिवसांनी आई स्वतःशीच पुटपुटली, "झालं हं दादा, झालं."