एस्थर आजींच्या दारापर्यंत

शनिवारी सकाळी क्रॉयडनच्या ट्राम थांब्यापाशी एक व्हॅन येऊन उभी राहिली. मागचं दार उघडून एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी विचारलं, "मांडीवर ट्यूबा चालेल ना?" ट्यूबा म्हणजे पितळेचं भलंमोठं वाद्य, बसलेल्या शेळीएवढं. मी चालेल म्हणालो. पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणावं, हे मला या देशात अजून जमलेलं नाही. एडिनबरा येईपर्यंत ट्यूबा माझ्या मांडीवर होता.

मी इथे पाण्याच्या शुद्धीकरणाचा अभ्यास करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील विट्याजवळ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात आणि बारावीपर्यंत दर लग्नसराईत मीही त्यांच्या शेजारी चालत वाजवायचो. इथे आलो तेव्हा बॅगेत पुस्तकांच्याही आधी क्लॅरिनेट घातली. पण खोलीत वाजवायला घरमालकांची मनाई. म्हणून ट्राम थांब्यामागच्या भुयारी रस्त्यात जाऊन वाजवायचो. तिथे एक दिवस डेझमंड नावाचा माणूस थांबला. पूर्ण चाल ऐकली आणि म्हणाला, "लग्नात वाजवतोस का?"

"लग्नातच वाजवतो," मी म्हणालो.

त्यांचा क्लेझ्मर बँड होता. क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं लग्नाचं संगीत. त्यांचा क्लॅरिनेटवाला पोर्तुगालला कायमचा निघून गेला होता आणि रविवारी एडिनबऱ्यात लग्न होतं. बँडच्या प्रमुख मिरियमबाई फोनवर स्पष्ट बोलल्या. "संगीत महाविद्यालयातली एक मुलगीही इच्छुक आहे. जागा एकच. एडिनबरा होऊ दे, मग सांगते." विद्यार्थी व्हिसावर मला वाजवण्याचे पैसे घेता येणार नाहीत, हे मी लगेच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आम्हालाही फारसे मिळत नाहीत."

मला जागा हवी होती. भुयारी रस्त्यात एकट्याने वाजवून वाजवून मी माझीच वरात काढतोय असं वाटायला लागलं होतं.

लंडन मागे पडलं तसे सगळे बोलायला लागले. इथे वडीलधाऱ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मी तोंडाने मारतो, पण लिहिताना हात अडतो, म्हणून इथे कीथकाकाच लिहितो. हे ट्यूबाचे मालक. यॉर्कशरच्या एका खाणगावचे. खाण बंद झाली, पण खाणकामगारांचा पितळी बँड राहिला, आणि काका त्यात शाळेपासून वाजवत आले. अकॉर्डियनवाली एली माझ्याच वयाची, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. ती 'केली'च्या (गावच्या हॉलमधला सामुदायिक नाच) चाली वाजवत वाढली. डेझमंडचे आजी-आजोबा जमैकाहून आलेले, आणि ढोल-झांजा तो चर्चमध्ये शिकला.

"म्हणजे ज्यू कोण आहे?" मी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं.

"मी," पुढून मिरियमबाई म्हणाल्या. "पण मी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. हे संगीत चाळिशीत सुट्टीच्या वर्गात शिकले. आमच्या घरी फक्त रेडिओ होता. आणि तू रागदारी शिकलास ना?"

"नाही. लग्नाचा बँड."

मिरियमबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली जागा.

"मग आपल्यात खरा क्लेझ्मरवाला हाच," एली म्हणाली. कीथकाका हसले. मिरियमबाई हसल्या नाहीत.

दुपारी मोटरवेवरच्या एका थांब्यावर उतरलो. बाकीच्यांनी पेस्टी (बटाटा आणि मांस भरलेली मोठी करंजी) घेतली. मी डब्यातली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि संकोचत सगळ्यांपुढे धरली. कीथकाकांनी चमचाभर चटणी नुसतीच तोंडात टाकली. बराच वेळ ते पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाईट नाही."

"यॉर्कशरमध्ये याहून मोठी स्तुती नसते," एलीने मला सांगितलं.

"मग डोळ्यांत पाणी का?"

"ते स्तुतीत धरू नकोस."

स्कॉटलंडच्या सीमेनंतर डावीकडे मेंढ्या आणि उजवीकडे समुद्र लागला. समुद्र करडा होता, मेंढ्याही. संध्याकाळी एडिनबऱ्यात शिरलो तेव्हा सगळं शहर एकाच खडकातून कोरून काढल्यासारखं काळपट दिसलं, आणि उंचावर किल्ला. आमच्याकडेही किल्ले आहेत, पण त्यांच्या पायथ्याशी बसथांबा नाही. इथे आहे. किल्ला बघायला वेळ नव्हता. बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये (हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा एक शांत खेळ असतो, त्याचा क्लब) सराव करायचा होता.

सुरुवात सगळ्यांची उत्तम व्हायची. घोटाळा शेवटी. कीथकाका आयुष्यभर बँडमास्तरच्या काठीकडे बघून थांबत आले. इथे काठी नव्हती, म्हणून ते मिरियमबाईंच्या कोपराकडे बघायचे. एली नाचणाऱ्यांच्या पावलांकडे बघायची. सरावाला नाचणारे नव्हते, म्हणून ती चाल दोनदा वाजवून गप्प व्हायची. डेझमंडच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांचा हात खाली आल्याशिवाय ढोल थांबत नाही. त्याने समोर टांगलेल्या एका ओव्हरकोटाला पाद्री मानलं होतं. कोटाचा हात खाली येईना. मिरियमबाई कागदावरची शेवटची ओळ संपली की थांबायच्या. आणि आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत थांबायचं नसतं. एकच चाल पाच वेळा संपायची.

त्यात वाजवता वाजवता मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत गेलो होतो. मला ते कळलंही नव्हतं.

"उद्या सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं," मिरियमबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि कोणीही हॉल सोडून जायचं नाही."

रविवारी लग्न लागलं. त्यांचा मांडव अगदी छोटा असतो, चार काठ्यांवर ताणलेलं कापड. त्याला खुप्पा म्हणतात. नवरीने नवऱ्याभोवती फेऱ्या घातल्या, नवऱ्याने पायाखाली काचेचा पेला फोडला, आणि सगळे आनंदाने ओरडले. मी मिरियमबाईंकडे बघत होतो. नवरीला आणि नवऱ्याला खुर्च्यांवर बसवून खुर्च्या उचलल्या तेव्हाही मी मिरियमबाईंकडेच बघत होतो. वाजवणं ठीक झालं. शेवट मात्र एक सोडून सगळे चुकले.

मध्यंतरात एक बाई माझ्याजवळ आल्या. "तुम्ही इंडियातले ना? कुठले?"

"विट्याचा."

"अय्या! मराठी? अरे, मी पुण्याची. ब्राइडबरोबर हॉस्पिटलमध्ये असते. तू या लोकांत कसा आलास?"

"ट्राम थांब्यावरून," मी म्हणालो. त्या डॉक्टर होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

जेवणं झाल्यावर नवरीच्या आजी, एस्थर आजी, घरी जायला उठल्या. वय खूप, हातात चौकट असलेला वॉकर. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि टॅक्सीला साफ नकार देत होत्या. मिरियमबाई मला म्हणाल्या, "त्या निघताहेत. काहीतरी संथ वाजव." म्हणजे दोन मिनिटं, जागेवर उभं राहून. हे आता कळतं.

वडिलांची शिकवण अशी की ज्याच्यासाठी क्लॅरिनेट तोंडाला लावली त्याला दारापर्यंत सोडायचं. मधे थांबलास तर तो माणूस रस्त्यात एकटा पडतो. मी संथ चाल धरली. आजी निघाल्या. मी निघालो.

चाल तीनच्या ठेक्याची होती. तीनवर चालणं अवघड, दर वेळी पाय बदलतो. पण आजींचं चालणंच तीनचं होतं. वॉकर, उजवा, डावा. वॉकर, उजवा, डावा. फुटपाथवर आल्यावर त्यांनी मागे न बघता विचारलं, "पोरा, तू माझ्या मागे येतोयस का?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"दारापर्यंत."

त्या चार पावलं चालल्या. "माझी आई सांगायची, लिथुआनियातल्या तिच्या गावात बँडवाले पाहुण्यांना असेच घरी सोडायचे. मला वाटायचं, थापा मारते." मग म्हणाल्या, "ते मधलं परत वाजव."

मी मधलं परत वाजवलं, आणि मागून ट्यूबा आला. कीथकाका. खाणगावात दर उन्हाळ्यात बँड रस्त्यातूनच चालतो, त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग डेझमंडचा ढोल, मग एली. त्यांच्या मागे हॉलमधले पाहुणे. डॉक्टरबाई ओरडल्या, "अरे, वरात काढलीस की काय!" त्यांचा इथेच वाढलेला मुलगा मोडक्या मराठीत विचारत होता, "आई, हा बँड कुठे चालली?" शेवटी मिरियमबाई. उंच टाचांचे बूट, एडिनबऱ्याचा दगडी रस्ता, हनुवटीखाली व्हायोलिन. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ कुठल्याही भाषेत लागला असता.

मला कळलं की जागा गेली. पण आजी अजून रस्त्यात होत्या. मी वाजवत राहिलो.

दुसऱ्या गल्लीत त्यांचं घर आलं. त्यांनी किल्ली काढली. कुलपात घालायला त्यांना वेळ लागला. कागद हॉलमध्ये राहिले होते, काठी नव्हती, कोणी नाचत नव्हतं, घोडा तर नव्हताच. आम्ही पाचही जण त्या किल्लीकडे बघत होतो. दार उघडलं. आजींनी वळून एकदा मान हलवली, जशी दूधवाल्याकडे बघून हलवतात, आणि दार लागलं.

आम्ही पाचही जण एकदम थांबलो.

सोमवारी परतीच्या वाटेवर ट्यूबा पुन्हा माझ्या मांडीवर होता. त्याच थांब्यावर चहाला उतरलो तेव्हा वडिलांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. हॉल सोडायचा नाही असं बजावलं होतं, हेही सांगितलं.

"म्हातारीला दारापातूर सोडलं न्हवं?"

"सोडलं."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि तिकडे लाइट आहे का विचारलं.

क्रॉयडनला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. डेझमंडने व्हॅन थेट माझ्या घरासमोर आणली. मी ट्यूबा खाली ठेवला आणि उतरलो. मिरियमबाईंनी काच खाली केली.

"हॉल सोडायचा नाही, असं ठरलं होतं."

"हो."

"पुढच्या वेळी आधी सांग. मी सपाट बूट घालून येईन."

मी "चालेल" म्हणालो, जसं ट्यूबाला म्हणालो होतो.

खिशात किल्ली सापडेना. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्यात रिकामा डबा. मागे व्हॅनचं इंजिन चालू होतं. घाईत असतील, निघून जातील, असं मला वाटलं. किल्ली शेवटी डब्यात निघाली. दार उघडून मी वळून पाहिलं. काचेआड चौघेही माझ्या दाराकडेच बघत होते. मी आत जाऊन दार लावलं, तेव्हा व्हॅन हलली.