शिशाचं पांघरूण

सीटी स्कॅन संपला की पडद्यावर शेवटी एक पान येतं. पेशंटला किरणांचा किती डोस बसला, त्याचा आकडा त्यावर असतो. ते पान कुणी बघत नाही. डॉक्टरांना फोटो हवे असतात आणि नातेवाइकांना "रिपोर्ट कवा मिळंल?" एवढंच विचारायचं असतं. धाराशिवच्या ज्या सेंटरवर मी टेक्निशियन आहे, तिथं ते पान बघणारी मी एकटी, आणि मीसुद्धा लहान मुलांचंच बघते.

हे खूळ एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये डोक्यात शिरलं. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर प्लास्टिकचे दोन गोल ठोकळे ठेवले, एक जाड आणि एक बारीक. म्हणाल्या, मशीन जो आकडा दाखवतं तो या ठोकळ्याचा असतो, तुमच्या पेशंटचा नाही. आमचं मशीन पोटाच्या स्कॅनला जाडा ठोकळा धरतं. म्हणजे टेबलावर चार वर्षांचं लेकरू असलं, तर त्याला आकड्यापेक्षा बराच जास्त डोस बसतो. तोवर मुलांचे आकडे कमी दिसतात म्हणून मी स्वतःवर खूश होते. परतीच्या बसमध्ये मी आठवतील तेवढे जुने आकडे मनातल्या मनात वाढवत बसले.

दुसऱ्या दिवशी मी एक वही सुरू केली. मुलाचं वय, वजन, पोटाचा घेर, मशीनचा आकडा आणि मी हिशेब करून काढलेला आकडा. वजनासाठी आईला आधी लेकरासकट काट्यावर उभं करायचं, मग एकटीला. बायांना वाटायचं, मी त्यांच्याच जाडीची चौकशी करतेय. आमचे डॉक्टर हसायचे. मला मात्र एवढं कळलं होतं की जे मोजलं जात नाही ते आपल्या हातून वाढतं.

एवढी शहाणी मी. आणि तरी ते माझ्याच हातून झालं, माझ्याच भाचीच्या बाबतीत.

सास्तूरला माझं माहेर. धाकटा भाऊ पाच वर्षांच्या मुलीला मोटरसायकलवर पुढं बसवून शेतात निघाला होता. गाडी घसरली आणि हँडल तिच्या पोटात बसलं. ती दोनदा ओकली, मग गप्प झाली. दुपारी तिला घेऊन ते सेंटरवर आले, तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. दवाखान्यातल्या सर्जननी चिठ्ठीवर लिहिलं होतं, पोटाचा सीटी, ताबडतोब. यकृत किंवा पाणथरी फुटली असेल तर ऑपरेशन करावं लागणार होतं.

भावजयीनं तिला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "वन्सं, लेकराला काईतरी पांघरा. असं उघडं नका ठिवू."

आमच्याकडं आजारी लेकरू उघडं ठेवत नाहीत. घामानं निथळत असलं तरी वर चादर हवीच. एरवी अशा आयांना मी फटकन बाहेर घालवते. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आत्या, लई थंडी वाजती." एसी जोरात होता, खोलीत चादर नव्हती. खुंटीवर शिशाचा एप्रन लटकत होता. किरणांपासून बचावासाठीच असतो तो. मी तो तिच्या छातीवर घातला. मला वाटलं, ऊबही मिळेल आणि संरक्षणही होईल.

स्कॅनच्या आधी मशीन एक साधा फोटो घेतं आणि त्यावरून किरण किती सोडायचे ते स्वतः ठरवतं. अंग जाड दिसलं तर जास्त सोडतं. म्हणून त्या फोटोच्या आधी शिसं कधीही ठेवायचं नाही. हे मी नव्या पोरींना घसा फोडून शिकवते. त्या दिवशी मी धरून चालले की एप्रन छातीवर आहे, पोटाच्या फोटोत येणार नाही. पण मी बाहेर गेल्यावर भाचीनं तो एप्रन गोधडीसारखा पोटावर ओढून घेतला, आणि मी पडद्याकडं बघायचं सोडून काचेतून तिच्याकडं बघत राहिले. तिची छाती हलतेय ना, एवढंच मी बघत होते. बटण दाबलं.

मशीनला वाटलं, टेबलावर कुणी भलताच जाडजूड माणूस झोपलाय.

फोटो आले ते पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेले. डॉक्टर म्हणाले, "यकृताचं काहीच दिसत नाही. परत घ्या." मी एप्रन काढला, तिच्या अंगावर माझी ओढणी टाकली आणि स्कॅन परत घेतला. यकृताला थोडा मार होता, फुटलं काही नव्हतं. ऑपरेशन टळलं. भाऊ भिंतीला टेकून रडला, भावजयीनं तिथूनच तुळजापूरच्या दिशेला हात जोडले. मी शेवटचं पान उघडलं. त्यावर दोन आकडे होते. पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून मोठा होता.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक झाली, पण धोका तसा फार थोडा असतो. हजारो मुलांचा अंदाज सांगता येतो. या एकीला काय होईल, कुणीच सांगू शकत नाही." त्यांना वाटलं, मला धीर आला असेल.

दोन दिवसांनी तिला दवाखान्यातून घरी सोडताना मी भावाला आणि भावजयीला बाजूला घेतलं. माझ्या चुकीनं लेकराला जास्त किरण बसले, असं सरळ सांगितलं, दोन्ही स्कॅनचे आकडेही सांगितले.

"म्हंजी काय व्हईल?" भावानं विचारलं.

"बहुतेक काहीच होणार नाही. झालंच तर गाठीसारखा आजार, पुढं कधीतरी."

"कवा कळंल?"

"कळणार नाही रे. कितीतरी वर्षं नुसती वाट बघायची."

भाऊ गाडी काढायला गेला. भावजयीनं पिशवीतून मुलीच्या लसीचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "दोनी आकडे हितं लिवा. फुडं कुणी फोटू काढा म्हनलं, तर म्या दाखवीन." मी लिहिले. माझ्या अक्षराची मला लाज वाटली.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात भावजयीचा फोन आला. मुलीचं पोट दुखत होतं, उमरग्याच्या डॉक्टरांनी सीटी लिहून दिला होता. तिनं कार्ड पुढं ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी सीटी खोडला आणि आधी सोनोग्राफी करू म्हणाले. ती साफ निघाली. "तुमचा आकडा कामाला आला बगा, वन्सं," ती आनंदानं म्हणाली.

मला फक्त पोट दुखतंय एवढंच ऐकू आलं होतं. "कशानं दुखत होतं?" मी विचारलं.

"कच्च्या चिचा खाल्ल्या व्हत्या वटीभर. दुसरं काय?"

बरं म्हणून मी फोन ठेवला. मग वही काढून तिचं पान उघडलं आणि तिच्या वयात तीन वर्षं मिळवली. आठ झालं. त्या गाठीची भीती वीस-तीस वर्षं पुढची आहे. तोवर त्या मुलीनं चिंचा खाव्यात आणि तिचं पोट दुखावं, आणि दर वेळी ते चिंचांनीच दुखावं.